पडद्यामागून दिसलेला हात

गेल्या आठवड्यात माझ्या सुनेनं, मृणालनं, टीव्हीवर एक सिनेमा लावला आणि पहिली मारामारी सुरू झाल्या झाल्या स्वतःच ओढणी डोळ्यांवर घेऊन बसली. मी मात्र शेंगदाणे सोलत शेवटपर्यंत बघितला. एक बाई असते, तिचा नवरा तिला रोज झोडपतो, आणि शेवटी ती त्याला विळ्यानं उभा चिरते. रक्त पार भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत उडतं. मला सिनेमा आवडला. उगाच खोटं कशाला बोलू? मुलगा ऑफिसातून आला, बूट काढता काढता टीव्हीकडे बघून म्हणाला, "आई, ह्या वयात असलं काय बघतेस? भजनं तरी लाव." मी म्हटलं, "भजनं तू लाव. मला अजून तो मेला का नाही ते बघायचंय." मृणाल ओढणीच्या आतून हसली.

आवडला म्हणजे सगळाच पटला असं नाही. माझी पहिली तक्रार आवाजाची. सिनेमात थोबाडीत मारली की फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. खरी थोबाडीत तेवढी वाजत नाही. ओल्या पोत्यावर हात आपटावा तेवढाच आवाज होतो, आणि त्यानंतर मारणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. तो श्वास मी अजून एकाही सिनेमात ऐकलेला नाही. दुसरी तक्रार भाषणाची. ती बाई विळा उगारून उभी राहते आणि नवऱ्याला त्याचे सगळे गुन्हे पहिल्यापासून ऐकवत बसते. माझं डोकंच फिरलं. अगं बये, मार खाल्लेल्या बाईच्या अंगात एवढं बोलायचा जीव उरतो होय? एक वाक्य बोलली तरी पुष्कळ झालं.

पुस्तकांचंही तेच. आमच्या नवीन पनवेलच्या सेक्टरमध्ये एक छोटं वाचनालय आहे, तिथून मी आठवड्याला दोन कादंबऱ्या आणते. रिटायर झाल्यापासून दुसरा उद्योग काय? परवा एक आणली, जाडजूड. त्यात नवरा पुस्तकभर बायकोला मारतो, शेवटच्या प्रकरणात तिच्या पायाशी बसून रडतो, आणि ती त्याला चहा करून देते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. तिथल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "कशी वाटली? फार मागणी आहे हो तिला." मी म्हटलं, "लेखकाच्या बायकोला विचारा कशी वाटली ते." त्याच कपाटातून मग एक पातळ, मळकी रहस्यकथा आणली. त्यात सासऱ्याचा खून एका ओळीत होतो आणि पुढच्या ओळीत खून करणारी सून भाताची पेज काढत असते. शाब्बास, म्हटलं. हे लिहिणारीनं बघितलेलं आहे.

मृणालला वाटतं, सासूबाईंना मारामारीचा शौक आहे. शौक नाही गं बाई, ओळख आहे. मी सिनेमा बघायला शिकले तीच मुळी पडद्याच्या मागच्या बाजूनं, आणि त्या बघण्यापायी आमच्या घरात जे झालं ते आज लिहायला बसले आहे.

आमचं घर पळस्प्याच्या नाक्यापासून थोडं आत, शेताच्या कडेला होतं. कौलांचं, कुडाच्या भिंतींचं, पुढं सारवलेलं अंगण. बाबा खडीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. डोंगरात खदान होती, तिथं दुपारी सुरुंग उडायचे, की आमच्या फळीवरची पितळी भांडी थरथरायची आणि आई चालता चालता त्यांना हात लावून गप्प करायची. गोव्याचा रस्ता जिथं फुटतो तिथं प्रत्येक गाडी गियर बदलते. तो आवाज दिवसभर चालू असे. पाव्हणे यायचे आणि म्हणायचे, तुम्हाला झोप कशी लागते इथं? आम्हाला उलट मामाच्या घरी झोप लागायची नाही, एवढं शांत असायचं तिथं. आता डोक्यावरून विमानं जातात, तरी कानात अजून तोच गियर बदलल्याचा आवाज आहे.

घरात आम्ही चौघंच. आई, बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, आणि बाबांना लहानपणी तिनंच सांभाळलेलं, त्यामुळे त्यांना नावानं हाक मारणारी घरात ती एकटीच होती. आई यशोदा, पण सगळे येसू म्हणायचे. आई उंच होती, हाडापेरानं दांडगी. तांदळाची भाकरी ती हातावर अशी थापायची की काठ कुठे चिरायचा नाही. थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून वर भांबुर्डीचा पाला कोंबायचा आणि मडकं उलटं करून जाळात भाजायचं, ती पोपटी करायला तर शेजारचे लोक आईला बोलवायला यायचे. पावसाळ्यात जवळा आणि कांदा, नाहीतर सुकट भाजून खोबऱ्याबरोबर वाटलेली चटणी. बाबा जेवायला बसले की आई समोर बसून वाढायची आणि आम्ही तिघी मागाहून जेवायचो.

बाबा वाईट होते असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि चांगले होते असं लिहिलं तर माझा हात झडेल. खंडाळ्याकडची खेप असली की ते माझ्यासाठी चिक्की आणायचे. मला गाडीच्या केबिनमध्ये बसवून हॉर्न वाजवू द्यायचे. आणि आईला मारायचे. भात गिचका झाला म्हणून, पाणी कोमट आहे म्हणून, मालकानं खदानीत शिवी दिली म्हणून. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून हे चालायचं. एखाद्या घरातून आवाज आला की बाकीच्या बायका हातातलं काम न थांबवता नुसतं त्या दिशेला बघायच्या. मला बाबा आवडायचे आणि त्यांची भीती वाटायची. दोन्ही एकाच वेळी, एकाच पोटात.

ह्या सगळ्यात आमची चैन एकच होती, पडद्यावरचा सिनेमा. नवरात्रात गावाच्या मैदानात दोन बांबू रोवून त्यांच्या मध्ये पांढरा पडदा ताणायचे. पनवेलहून चाचा मशीन घेऊन यायचे. त्यांचं नाव काय होतं ते मला आजतागायत ठाऊक नाही, सगळ्या पंचक्रोशीचे ते मशीनवाले चाचा. पडद्याच्या एका बाजूला मशीन, आणि त्याच बाजूला गावातले सगळे पुरुष. बायकापोरींनी पडद्याच्या मागं बसायचं. असं कोणी ठरवलं ते माहीत नाही, पण मोडत कुणी नव्हतं. आम्ही गोणपाटं घेऊन पलीकडे जायचो, बायका सैल बसायच्या, पाय पसरायच्या, पोरांना पाजायच्या. पुढं पुरुषांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. पडदा पातळ असल्यानं चित्र मागूनही छान दिसायचं. मी शाळेत जायची, मला वाचता यायचं, पण सुरुवातीची नावं मला कधी वाचता आली नाहीत. मला वाटायचं, सिनेमाची लिपीच वेगळी असेल. बाकीच्या बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना अक्षरं उलटी काय आणि सुलटी काय, सारखीच.

त्या नवरात्रात जो सिनेमा आला होता त्याच्या शेवटी एक शेतकरी गावच्या गुंडाचा गळा सुऱ्यानं कापतो. गुंड चिखलात पडतो, शेतकरी त्याच्या छातीवर गुडघा रोवतो, सुरा वर जातो. बायकांच्या बाजूला कुणी श्वास घेत नव्हतं. आई माझ्या शेजारी गुडघ्यावर उठून बसली होती. सुरा खाली आला तेव्हा ती "हां" म्हणाली, मोठ्यानं. तिच्या तोंडावर मी तसा आनंद आधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा जेवत होते. आत्या डोळ्यांना कमी दिसतं म्हणून सिनेमाला गेली नव्हती, तिनं विचारलं, "काय व्हता गं सिनेमात?" आईला सांगायचा उत्साह आला. असं कधी व्हायचं नाही. ती उठून उभी राहिली, हातात पळी घेतली आणि तो शेतकरी झाली. "असा गुडघा दिला, अशी मान धरली, आणि असा!" पळी डाव्या हातात होती.

बाबा म्हणाले, "उजव्या हातान मारला त्यान."

"नाय, डाव्या हातान. मी बगितला ना."

"मी काय झोपलो व्हतो? उजवा व्हता."

"डावा व्हता," आई हसत म्हणाली. हसत म्हणाली, एवढंच तिचं चुकलं. "तुमचा ध्यान बिडीत आसंल."

बाबांनी ताटातला हात झटकला, उठले आणि तिच्या कानाखाली मारली. पळी जमिनीवर पडली. मग दुसरी. आई भिंतीला टेकली, तेव्हा कुडाची माती भुसभुशीत होऊन तिच्या खांद्यावर सांडली. "कंचा हात?" बाबा विचारत होते. "बोल, कंचा हात?" आई बोलली नाही. त्यांनी तिचे केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं, परत विचारलं. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. आत्या "गणपत, पुरे, गणपत" म्हणत दोघांच्या मध्ये शिरायला बघत होती आणि तिलाही कोपर लागलं. मी चुलीजवळ बसले होते. कालवणाला उकळी आली होती आणि ते उतू जात होतं, आणि ते उतरवायला कुणीतरी पाहिजे एवढंच मला सुचत होतं. शेवटी बाबाच दमले. जाताना म्हणाले, "उजवा व्हता म्हनल्याशिवाय ह्या घरात सुख नाय मिळायचा तुला."

आणि त्यांनी तो शब्द पाळला. गाडीवरून आले, हातपाय धुतले, की पहिला प्रश्न तोच. "कंचा हात?" आई गप्प. मग मार. कधी हातानं, कधी पट्ट्यानं, एकदा गाडीच्या रबरी पाइपनं, तेव्हा तिच्या पाठीवर काळेनिळे पट्टे उठले आणि आत्यानं हळद लावताना स्वतःच तोंडात पदर कोंबला. आई आता नेहमीच्या गोष्टींनाही उत्तर द्यायची नाही. बाबा बाजूनं पाणी मागायचे, ती वळायचीच नाही. "माज आलाय तुला," म्हणायचे आणि आणखी एक ठेवून द्यायचे. मला वाटायचं ती रागानं गप्प आहे. अभिमान वाटायचा मला तिचा, आणि भीतीही वाटायची.

आत्या तिला भाकरी थापताना समजवायची. "येसू, बोल ना एकदाचा उजवा. काय जाता तुझा? कुठला कोन त्यो सिनेमातला, त्याच्या हातासाठी जीव देतेस?"

आईनं एक दिवस फक्त एक उत्तर दिलं. "वन्सं, मार मी आधीबी खाल्ला. भात गिचका झाला म्हनून खाल्ला, तवा भात खरंच गिचका झालेला. ह्यो माझ्या डोळ्यानी बगितला. डोळं तरी माझं ऱ्हाऊ दे."

मला ते तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आता कळतं, आणि आता त्या वाक्यावर पुस्तकं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ते ह्याच्या आजूबाजूला शंभर पानं घालतात.

मग एक दिवस मी अंगणात बसून वहीत धडा लिहीत होते. पान उलटलं, ऊन मागून येत होतं, आणि माझीच अक्षरं मला पाठीमागून दिसली. ती सिनेमाची लिपी होती. मी तशीच उभी राहिले. माझ्या लक्षात आलं की मागून बघितलं की सगळं उलटं दिसतं, अक्षरं उलटी, आणि हातसुद्धा. उजवा डावा होतो. दोघंही खरं बोलत होते! एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मला वाटलं, संपलं आता हे सगळं. आई चुलीपुढं बसली होती. मी तिच्या डाव्या खांद्याला बिलगून, बाबा बाहेर होते म्हणून अगदी हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. ती जाळाकडे बघत राहिली. हां नाही की हूं नाही. मी हिरमुसले, पण म्हटलं, तिला नको तर नको, बाबांना सांगते.

बाबा गाडीच्या बोनेटवर चढून काच पुसत होते. मी खालूनच सांगितलं, वही उन्हात धरून दाखवली. त्यांनी बघितलं. म्हणाले, "मना म्हाईत हाय."

"म्हणजे?"

"चाचान सांगितला मना त्या दिशीच, मी विचारला तवा. मागून उलटा दिसतो म्हनून."

"मग बाबा, आईपण खरंच बोलतेय ना?"

"मग काय?" ते काच पुसतच होते. "खरा-खोट्याचा काय घेऊन बसलीस? मी उजवा म्हनलो. तिनं उजवा म्हनायचा."

ते रागावलेले नव्हते, हे मला अजून आठवतं. चिक्की देताना बोलायचे त्याच आवाजात बोलले. मी वही मिटून घरात आले. त्या दिवसापासून मला बाबा आवडायचे थांबले असं नाही, पण केबिनमध्ये बसायला मी पुन्हा गेले नाही.

पुढं शेजारच्या गावात कसलासा उत्सव होता आणि चाचा तोच सिनेमा घेऊन आले. बाबांना हे कळलं तसे ते हरखले. सगळ्या गाड्यांवर सांगितलं, आज आमच्या येसूला पुढून सिनेमा दाखवतो. संध्याकाळी आम्ही चौघं चालत निघालो; आईला एकटीला सोडायचं नाही म्हणून आत्याही निघाली. बाबा पुढं, मग आई, मग आत्याचा हात धरून मी. अंधार पडायच्या बेताला होता म्हणून बाबांची मोठी बॅटरी आईच्या हातात होती, ती ड्रायव्हर लोकांची असते तशी लोखंडी, चांगली वजनदार.

मैदानात बायका पडद्यामागं निघाल्या तशी आईही वळली. बाबांनी तिचा दंड धरला आणि पुरुषांच्या बाजूला, अगदी मशीनपुढं आणून बसवलं. आत्या न मी मागोमाग. पुरुष वळून बघायला लागले. कुणी खाकरलं, कुणी म्हणालं, "काय गणपतशेट, आज सहकुटुंब?" चाचांनी मशीनमागून मान बाहेर काढली आणि त्यांना काही बरं वाटलेलं दिसलं नाही. आईनं पदर ओढून घेतला आणि सरळ पडद्याकडे बघत बसली. नावं सुरू झाली. मला प्रत्येक अक्षर वाचता येत होतं.

सबंध सिनेमाभर मी पडदा बघितला नाही, आईलाच बघत होते. शेवटी तो चिखल आला, तो गुडघा, तो सुरा. बाबा उभेच राहिले. मशीनच्या उजेडात त्यांच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली, लोक ओरडले, त्यांनी लक्ष दिलं नाही. "बग!" ते म्हणाले. "बग आता डोळं फाडून. कंचा हात?" सुरा खाली आला. "बोल! सगल्यांच्या समोर बोल!"

"उजवा," आई म्हणाली.

बाबा हसायला लागले. आजूबाजूच्यांकडे बघून टाळी मागायला लागले. "आयकला? उजवा! एवढ्यासाठी मार खाल्ला बगा बयेन!" दोघातिघांनी टाळी दिलीही. चाचा मशीन चालू ठेवूनच म्हणाले, "अरे भाई, मागून उलटंच दिसणार ना. मी तुला त्याच दिवशी नाही बोललो? ती बेचारी झूठ नव्हती बोलत."

आईनं हे ऐकलं. ती उभी राहिली. बाबांपेक्षा बोटभर उंचच होती ती, पण त्यांच्यासमोर ताठ उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदा बघत होते.

"तुमाला म्हाईत व्हता," ती म्हणाली.

बाबांचं हसणं थांबलं. "मग?"

"म्हंजे मी खोटी म्हनून नाय मारला. म्हाईत असून मारला." मग तिनं डाव्या बाजूचा पदर कानावरून मागं केला. "ह्या कानान मना आयकू येत नाय. पयल्या दिशीपासून नाय येत. पानी मागता तुमी, मना कलत नाय, आनी माज म्हनून परत मारता. पोरगी कायतरी बोलली मना चुलीपाशी, ता बी नाय आयकू आला."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आत्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. पडद्यावर गुंड मरून पडला होता आणि गावकरी नाचत होते. बाबा इकडेतिकडे बघत होते. मघाशी टाळी देणारे आता खाली बघत होते, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. "गप बस," ते म्हणाले. "चल घरी, तुला दाखवतो," आणि हात उगारला.

आईनं बॅटरी त्यांच्या तोंडावर मारली.

आवाज मोठा नव्हता. काच फुटल्याचा बारीकसा आणि आत काहीतरी हाड मोडल्यासारखा. बाबा बसले. ओठ फाटून रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं, त्यांनी तोंडात बोट घातलं तर दात बोटाबरोबर बाहेर आला. ते उठायला लागले तशी तिनं दुसरी मारली, खांद्यावर, आणि तिसरी उगारलेल्या हाताच्या मनगटावर. "बोल," असं ती म्हणाली नाही. कुठल्या हातानं मारलं ते लोक पुढं वर्षानुवर्षं मला विचारायचे. मी सांगायचे, मला नाही माहीत, मी बाबांचं तोंड बघत होते. मला आनंद झाला होता. माझे बाबा होते ते, माझा जीव होता त्यांच्यावर, आणि त्यांच्या तोंडातून रक्त आलेलं बघून मला आनंद झाला, आणि आज इतक्या वर्षांनी मी तो जराही कमी करून सांगणार नाही.

मग बाबा तिच्यावर धावले तेव्हा आत्या मध्ये आली. कमी दिसणारी, वाकलेली आत्या. तिनं आपल्या भावाचा सदरा पुढून पकडला आणि म्हणाली, "गणपत, आता हात लावलास तर तुझी भाकरी मी चुलीत घालीन. तुला चालायला मी शिकवला, मी बोलतंय." बाबा तिला ढकलू शकले असते. त्यांनी हात खाली घेतला. पडद्याच्या खालून, मागच्या बाजूच्या बायका वाकून बघत होत्या, ओळीनं नुसती डोकी. चाचांनी मशीन बंद केली.

हा सिनेमा असता तर इथं संपला असता. मृणालला मी हे सांगितलं तेव्हा तिनंही विचारलं, "मग बाबा सुधारले?" नाही गं बाई. बाबा सुधारले नाहीत. त्यानंतरही त्यांचा हात दोनदा-तीनदा उठला. फरक एवढाच की आता तिचाही उठायचा, मिळेल ते घेऊन, लाटणं, फुंकणी, काहीही. ते मग दमले. माणूस सुधारतो हे मी पुस्तकात वाचलंय, दमतो हे डोळ्यांनी बघितलंय.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आम्ही घरी निघालो. बॅटरी फुटलेली, त्यामुळे गाड्यांच्या दिव्यांवरच चालत होतो. आई रस्त्याच्या कडेनं चालत होती, तिच्या डावीकडे शेत, उजवीकडे भरधाव ट्रक. बाबा तोंडाला रुमाल लावून शेताच्या बाजूनं तिच्या शेजारी आले आणि काहीतरी बोलले. ती चालत राहिली. ते परत बोलले, जरा मोठ्यानं. ती चालत राहिली. मला वाटलं आता परत काहीतरी होतंय. आत्या मागून ओरडली, "अरे, त्या बाजून नाय येत तिला आयकू! पलीकडून जा!"

बाबा थांबले. कुणासाठी वाट सोडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ते तिच्या मागून वळसा घालून पलीकडे गेले, ट्रकांच्या बाजूला, आणि तिच्या उजव्या कानाशी बोलले, "बांधून दे काय तरी. रगत थांबत नाय." आईनं पदराचा काठ दातानं फाडून त्यांच्या हातात दिला. बांधून दिला नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय, आता येणार नाही. तेव्हापासून बाबा मरेपर्यंत, घरात काही सांगायचं असेल तर त्यांना उठून तिच्या उजवीकडे जाऊन बसावं लागायचं. जेवता जेवता, आजारपणात काठी टेकत टेकत. विसरून डावीकडून बोलले तर ती उत्तर द्यायची नाही. त्यांच्यामागं बऱ्याच वर्षांनी मी आईला एकदा विचारलं, त्या बाजूनं तुला खरंच काहीच ऐकू येत नव्हतं का गं?

"पुढं पुढं थोडा थोडा यायला लागला व्हता," आई म्हणाली. "पन मी कशाला सांगू?"